आज्जीचं ‘जर्मन’ आणि विमानाचं ॲल्युमिनियम

प्रश्न असा आलाय, की भाऊ बेळगावजवळ हत्तरगीला विमानाचे पार्ट करणाऱ्या कंपनीत लागला, घरी येऊन म्हणाला आम्ही ॲल्युमिनियम कापतो, तर आज्जी म्हणाली "म्हणजे आमच्या डेचकीचं जर्मनच की, त्यात बसून माणसं उडत्यात व्हय?" आणि सगळे हसले. तर हा ‘जर्मन’ शब्द आला कुठनं आणि तो चूक का बरोबर.

आमच्या घरात पण जर्मनच. जर्मनची डेचकी, जर्मनचा डबा, ॲल्युमिनियम हा शब्द मी शाळेत ऐकला. मूळ शब्द जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्यात चांदी नावाला पण नाही आणि ॲल्युमिनियमही नाही. पुढं पांढरी, हलकी, स्वस्त भांडी बाजारात आली तेव्हा पांढऱ्या धातूला लोकांच्या तोंडात हेच नाव तयार होतं, ते चिकटलं, असं मला वाटतं. म्हणजे डेचकीपुरतं बघितलं तर नाव चुकीचंच.

पण गंमत अशी, की विमानाच्या बाबतीत आज्जी बरोबर निघते! विमानाला चालेल इतकं कडक ॲल्युमिनियम पहिल्यांदा केलं ते जर्मनीतच, आल्फ्रेड विल्म नावाच्या माणसानं, १९०६ च्या सुमाराला. त्यानं ॲल्युमिनियममध्ये साधारण ४ टक्के तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम घातलं, तापवलं, पाण्यात बुडवलं. लोहार कोयत्याला पाणी देतो तसंच, पण कोयता लगेच कडक होतो आणि हे मऊच राहिलं, आणि दोनतीन दिवसांनी परत तपासलं तर आपोआप कडक झालेलं. ड्यूरेन गावच्या कारखान्यानं ते बाजारात आणलं म्हणून ड्युरालुमिन. (सोनाराकडं दुसरा धातू मिसळला की ‘हीण’ म्हणतात, इथं त्याच मिसळण्यानं ताकद आली.)

ह्या आपोआप कडक होण्याला इंग्रजीत एजिंग म्हणतात आणि त्याचं ‘वयोवर्धन’ वगैरे करणारे भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. आपल्याकडं ‘मुरणं’ असताना वय कशाला वाढवायचं? लोणचं मुरतं तसं आतलं तांबं बारीक बारीक कणांनी सगळीकडं जमतं आणि धातूच्या थरांना एकमेकांवरनं सरकू देत नाही. अशा काही जातीच्या ॲल्युमिनियमचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायला ठोकायचे खिळे, विमानवाले चक्क फ्रीजरमध्ये ठेवतात, बाहेर राहिले तर मुरून कडक होतात आणि ठोकताना फुटतात, डोशाचं पीठ आंबू नये म्हणून आपण फ्रीजमध्ये ठेवतो तसंच.

भावाच्या ड्रॉइंगवर बहुतेक २०२४ नाहीतर ७०७५ असे ॲल्युमिनियमची जात सांगणारे आकडे असतील. २०२४ म्हणजे तांब्याच्या घराण्यातलं, ७०७५ मध्ये जस्त जास्त, साडेपाच टक्क्यांच्या आसपास, आणि मुरवल्यावर त्याची ताण सोसायची ताकद शुद्ध मऊ ॲल्युमिनियमच्या सहापट भरते, वजन मात्र जवळजवळ तेवढंच. पुढं टी६ लिहिलेलं असलं तर समजायचं की पाणी देऊन नंतर भट्टीत मुरवलंय, ७०७५ ला साधारण १२० अंशाला २४ तास. आज्जीला सांगताना ‘टी६’ म्हणू नका, ‘मुरवलेलं जर्मन’ म्हणा, लगेच कळतंय बघा.