'विरोधाभास' म्हणजे विरोध नव्हे

प्रश्न असा आहे : काही चिंतनपर टिपणांचा अनुवाद चालू आहे. त्यात 'आपल्याला काही कळत नाही हे ज्याला कळतं तो शहाणा' आणि 'नसणंही असतंच' अशा धाटणीची वाक्यं येतात. मूळ लेखक त्यांना 'पॅरडॉक्स' म्हणतो. कोशात विरोधाभास, विसंगती आणि वदतोव्याघात असे तीन शब्द सापडले. ते एकाच अर्थाचे आहेत का, आणि इथे कोणता वापरावा?

एकाच अर्थाचे नाहीत. अनुवादात 'विरोधाभास' घ्यावा, पण तो का घ्यायचा हे समजून घेतलं नाही तर पुढच्या पानावर तोच शब्द चुकीच्या जागी पडेल.

'विरोधाभास' या समासातला महत्त्वाचा भाग दुसरा आहे. न्यायशास्त्रातला 'हेत्वाभास' आठवा. हेत्वाभास हा हेतू नसतोच, तो हेतूसारखा दिसतो इतकंच. साहित्यशास्त्रातला 'रसाभास' त्याच घडणीचा. विरोधाभासातही विरोध दिसतो आणि नीट पाहिलं की विरतो. साहित्यशास्त्रात विरोधाभास हा एक अलंकार आहे. सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांनी 'कुवलयानंद' या अलंकारग्रंथात त्याचं लक्षण आणि उदाहरण एकाच श्लोकात बसवलं आहे : 'आभासत्वे विरोधस्य विरोधाभास इष्यते । विनापि तन्वि हारेण वक्षोजौ तव हारिणौ ॥' विरोध नुसता भासत असेल तर तो विरोधाभास; उदाहरणार्थ, हे कृशांगी, हाराविनाही तुझे स्तन 'हारी' आहेत. हार नसतानाही 'हारी' कसं? हारी म्हणजे हार असलेलं, असा अर्थ घेतला की विरोध. हारी म्हणजे मन हरण करणारं, असा घेतला की विरोध संपला. या संपण्याला 'परिहार' म्हणतात, आणि तिन्ही शब्दांना वेगळं करणारी कसोटी हीच आहे.

त्यांच्या पाचशे वर्षं आधी 'काव्यप्रकाश'कार मम्मटाने या अलंकाराला नुसतं 'विरोध' म्हटलं होतं, पण लक्षण तेच : मुळात विरोध नसताना विरोध असल्यासारखं बोलणं. त्याने दहा प्रकार पाडले आहेत आणि त्यामागचा हिशेब मोठा सुटसुटीत आहे. जाती (म्हणजे वस्तूंचा वर्ग), गुण, क्रिया आणि द्रव्य (म्हणजे एकेकटी वस्तू) या चार गोष्टी. जातीचा विरोध चौघांशी, गुणाचा उरलेल्या तिघांशी, क्रियेचा दोघांशी, द्रव्याचा द्रव्याशीच. ४ + ३ + २ + १. जातीचा गुणाशी आणि गुणाचा जातीशी विरोध एकच असल्यामुळे तो दोनदा मोजलेला नाही.

आता वर्तमानपत्रातलं वाक्य घ्या : 'मंत्र्यांच्या कालच्या आणि आजच्या विधानांत विरोधाभास.' काल 'करवाढ नाही' म्हणाले आणि आज 'करवाढ अटळ' म्हणाले, तर आभास कुठला? तो सरळ विरोध आहे. तिथे 'विसंगती' हवी, किंवा 'परस्परविरोधी विधानं'. दोन अहवालांतले आकडे जुळत नसतील तर 'तफावत' हा साधा शब्द पुरतो. बोलणं एक आणि करणं दुसरं असेल तर तो दुटप्पीपणा. त्याला विरोधाभास म्हणणं म्हणजे माणसाला फुकटची सभ्यता बहाल करणं. बातम्यांतला हा वापर आता इतका रुळला आहे की तिथे लाल शाई चालवण्यात अर्थ नाही. चिंतनपर लेखनात मात्र तो चालवून घेऊ नये, कारण तिथे सगळा भार त्या 'आभासा'वरच असतो.

वर्तमानपत्रंही कधी कधी अचूक असतात. 'तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणात मे महिन्यात टँकर' हा खरा विरोधाभास आहे, कारण त्याला परिहार आहे. जांभ्यात पाणी ठरत नाही, उतार तीव्र, नद्या आखूड आणि समुद्र जवळ. पडतं पुष्कळ, राहत नाही. 'पाऊस' आणि 'पाणीसाठा' या दोन गोष्टी आपण एकच धरल्या होत्या, म्हणून विरोध दिसला.

विसंगतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संगती म्हणजे एकमेकांबरोबर जाणं, जुळणं. ती नसली की विसंगती. तिच्यामागे काही गूढ दडलेलं असेलच असं नाही. ती बहुतेक वेळा दुरुस्त करायची असते, तिचा अर्थ लावत बसायचं नसतं.

वदतोव्याघाताची मात्र मराठीत फार आबाळ झाली आहे. पहिली गंमत अशी की 'वदतो' हे मराठी क्रियापद वाटतं : तो बोलतो, ती बोलते, तसा तो वदतो. मग लोक शब्द तोडून लिहितात आणि कुणीतरी व्याघात 'वदतो आहे' असा अर्थ मनात धरतात. प्रत्यक्षात ते 'वदतः' हे षष्ठीचं रूप आहे, 'बोलणाऱ्याचा' असं. पुढे 'व्' आल्यामुळे विसर्गाचा ओकार झाला. वि + आ + हन् यातून आलेला व्याघात म्हणजे आघात, अडथळा. बोलणाऱ्याच्या बोलण्यानेच त्याच्या बोलण्यावर घाव घातला, तो वदतोव्याघात. मराठीत एकत्र लिहावा.

त्याचं पाठ्यउदाहरण म्हणजे 'माझी आई वांझ आहे.' वाक्य खोटं ठरवायला गावात चौकशी करावी लागत नाही. 'माझी' हा शब्दच पुरेसा आहे. एका सुभाषितकाराने तर सगळं कुटुंबच उभं केलं आहे : मी जन्मभर मौनी, माझे वडील ब्रह्मचारी, आई वांझ आणि आजोबा निपुत्रिक. यात पहिल्याच कलमाला बोलणाऱ्याचं तोंड गुंतलेलं आहे, हे विशेष. तेव्हा दोन वेगळ्या दिवशीच्या दोन वेगळ्या विधानांना वदतोव्याघात म्हणू नये. घाव त्याच वाक्याने त्याच वाक्यावर घातलेला असला पाहिजे. (नुसता 'व्याघात' हा आणखी एक अलंकारही आहे. ज्या साधनाने एकाने काम केलं त्याच साधनाने दुसऱ्याने ते उलटवलं की तो होतो : शंकराने डोळ्याने जाळलेल्या मदनाला सुंदरी डोळ्यांनीच जिवंत करतात. शिवाय पंचांगातल्या सत्तावीस योगांपैकी तेरावा व्याघात. त्याचा इथे संबंध नाही.)

पण ही वांझ आई आपल्याकडे दुसऱ्या ठिकाणीही भेटते. मुक्ताबाईंचा अभंग आहे : 'मुंगी उडाली आकाशीं, तिणें गिळिलें सूर्यासी'. पुढे लगेच 'थोर नवलाव जाहला, वांझे पुत्र प्रसवला'. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा अभ्यासक, ज्या वाक्याला निरर्थक म्हणून बाजूला ठेवतो तेच वाक्य इथे नवल म्हणून पुढे येतं. फरक वाक्यात नाही, परिहाराच्या शक्यतेत आहे. मुक्ताबाई मुंगीबद्दल बोलत नाहीत हे ऐकणाऱ्याला पहिल्या चरणातच कळतं आणि तो दुसऱ्या अर्थाच्या शोधाला लागतो. अशा रचनेला मराठीत 'कूट' हा स्वतंत्र शब्द आहे. कूटात परिहार असतो, पण तो सांगितलेला नसतो.

तुकोबांची रीत वेगळी. 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य' ही ओळ एकटी वाचली तर वदतोव्याघाताच्या उंबरठ्यावर आहे. पाहायला जिवंत असावं लागतं, आणि मरण स्वतःचं आहे. आणखी दोन चरण पुढे जा : 'एकदेशी होतों अहंकारें आथिला । त्याच्या त्यागें जाला सुकाळ हा'. मेला तो अहंकाराने एका जागी कोंडलेला 'मी'. पाहिलं ते त्यातून सुटलेल्याने. परिहार अभंगातच आहे. म्हणून हा चरण सुटा उद्धृत करताना जपावं. पुढचे चरण तोडले की विरोधाभासाचा चमत्कृतीपूर्ण सुविचार होतो, आणि अशा सुविचारांनी भिंती भरल्या आहेत.

ईशोपनिषदावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी ही कसोटी उघड चालवून दाखवली आहे. 'न हलणारं, तरी मनाहून वेगवान' या वर्णनावर ते स्वतःच आक्षेप घेतात : हे विरुद्ध कसं काय बोललं जातं? उत्तर : दोष नाही, उपाधीविना (म्हणजे बाहेरून चिकटलेल्या मर्यादेविना) ते निश्चल, उपाधीसह ते वेगवान, असं ते जुळतं. एकाच वस्तूबद्दलची दोन विधानं दोन दृष्टींवर वाटून दिली. परिहार करण्याचे मार्ग मोजकेच आहेत : शब्दाचे दोन अर्थ वेगळे करणं (हारी), कर्ता दोन ठरवणं (तुकोबा), दृष्टी दोन ठरवणं (शंकराचार्य), किंवा एक धरलेल्या दोन गोष्टी वेगळ्या करणं (पाऊस आणि साठा). यातलं काहीच लागू पडत नसेल तर 'विरोधाभास' लिहिण्याआधी थांबावं.

आता प्रश्नातलं पहिलं वाक्य. त्यातलं एक 'कळणं' जगाबद्दल आहे आणि दुसरं स्वतःच्या मर्यादेबद्दल. परिहार आहे, म्हणजे विरोधाभास. सॉक्रेटिसच्या तोंडी हे वाक्य नेहमी घातलं जातं. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त तो इतकंच म्हणतो की जे मला माहीत नाही ते माहीत आहे असं मी समजत नाही. त्यात विरोधाचा आभासही नाही. केनोपनिषदातलं वाक्य मात्र खरोखर तिखट आहे : 'यस्यामतं तस्य मतं मतं यस्य न वेद सः'. ज्याला कळलं नाही त्याला कळलं. ज्याला कळलं तो जाणत नाही. परिहार असा की जाणणारा स्वतःच जाणण्याचा विषय होऊ शकत नाही. 'कळलं' म्हणणाऱ्याने त्याला विषय करून टाकलेलं असतं.

अनुवादात इथे हमखास होणारी चूक म्हणजे क्रियापद बदलणं. पुनरुक्ती टाळायची म्हणून 'ज्याला आपल्या अज्ञानाची जाणीव असते तो शहाणा' असं लिहिलं की वाक्य खरं राहतं, पण विरोधाभास गेलेला असतो. कळणं-कळणं ही पुनरुक्तीच तो आभास उभा करते, जसं 'हार' आणि 'हारी' यांचं ध्वनिसाम्य करतं. तेव्हा 'कळणं' दोन्हीकडे ठेवा, 'उमजणं' किंवा 'जाणणं' मध्ये आणू नका. 'शहाणा' हा शब्दही नीट बसवायला हवा. मराठीत तो एकटा, ठसक्यात उच्चारला की शिवी होते, आणि 'दीडशहाणा' तर शहाण्याच्या दीडपट असूनही शहाण्याहून कमीच! गंभीर परिच्छेदात ती छटा नको असेल तर 'विवेकी' किंवा 'सुज्ञ' सुरक्षित आहे, पण वाक्य जरा निर्जीव होतं. माझं मत 'शहाणा'लाच, फक्त 'तो शहाणा' असं शेवटी ठेवून.

दुसरं वाक्य, 'नसणंही असतंच', हे कोण बोलतो यावर ठरतं. न्याय आणि वैशेषिक या दोन दर्शनांच्या लेखी हा विरोधाभाससुद्धा नाही, साधं विधान आहे. ती 'अभाव' हा सातवा पदार्थच (म्हणजे जगातल्या गोष्टींचा सातवा मूळ प्रकारच) मानतात. जमिनीवर घडा नाही म्हणजे जमिनीवर घड्याचा अभाव आहे, आणि तो दिसतो. त्याचे प्रकारही चार. घडा व्हायच्या आधी प्रागभाव, त्याला सुरुवात नाही पण शेवट आहे. घडा फुटल्यावर प्रध्वंसाभाव, त्याला सुरुवात आहे पण शेवट नाही. वाऱ्यात रूप कधीच नसतं, तो अत्यंताभाव. घडा म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. मूळ लेखक कुणी गेल्यानंतरच्या रिकामेपणाबद्दल बोलत असेल तर तो प्रध्वंसाभाव आहे, आणि 'त्याचं नसणं घरभर असतं' असं मराठी त्याला कुठलाही अलंकार न म्हणता चालवून घेते. 'नसणं'ला 'अस्तित्वहीनता' करू नका, एवढीच विनंती. 'अस्ति' या तयार क्रियारूपाला 'त्व' जोडून झालेला 'अस्तित्व' आधीच जड आहे. त्याला आणखी शेपूट नको.

राहिली ती खरोखर न सुटणारी वाक्यं. 'मी बोलतो ते सगळं खोटं.' खरं मानलं तर खोटं ठरतं. वांझ आईचं वाक्य निदान खोटं म्हणून बाजूला ठेवता येतं. हे वाक्य 'मी आत्ता बोलतोय ते हे वाक्य खोटं आहे' असं आवळलं, तर खोटं मानल्यावर उलट खरं होऊन बसतं. व्याकरणकार भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथाच्या तिसऱ्या कांडात 'सर्वं मिथ्या ब्रवीमि' हेच वाक्य घेतलं आहे. त्याचं म्हणणं, बोलणाऱ्याला त्या 'सगळ्या'त हे वाक्य धरायचं नसतं. धरलं तर सांगायचं तेच सांगितलं जात नाही. व्यवहारात हा परिहार चालतो, आवळलेल्या रूपाला तो पुरत नाही. तत्त्वज्ञ-गणिती रसेलला १९०१ मध्ये सापडलेला संचांचा प्रश्नही याच जातीचा : जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सगळ्या संचांचा संच स्वतःचा घटक आहे का? यांना 'विरोधाभास' म्हणण्याऐवजी 'पेच' म्हणावं असं सुचवतो : खोटारड्याचा पेच, रसेलचा पेच. पतंगांच्या मांज्यांचा पडतो तोच. उलट ग्रीक तत्त्वज्ञ झेनोचं कासव हा विरोधाभासच : वेगवान अकिलीस कासवाच्या जागी पोचेपर्यंत ते थोडं पुढे गेलेलं असतं, म्हणून तो त्याला कधीच गाठणार नाही, असं वाटतं. कासवाला १०० मीटर आघाडी आणि अकिलीसचा वेग दहापट असला, तर १०० + १० + १ + ०.१… या न संपणाऱ्या बेरजेचं उत्तर १११ पूर्णांक १/९ मीटर. तिथे तो कासवाला गाठतो.

वापराच्या बारीक गोष्टी : विरोधाभास, वदतोव्याघात आणि पेच पुल्लिंगी, विसंगती स्त्रीलिंगी. विशेषण 'विरोधाभासी' पुरेसं आहे, 'विरोधाभासात्मक' लांबण लावतं. आणि 'वरवरचा विरोधाभास' किंवा 'भासमान विरोधाभास' लिहू नये; भास त्यात आधीच आहे.