वारा कुठून येतो ते आधी विचार

मालवण, नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबू,

परवा जेटीवर तू घाईत होतास. आठ पाहुणे लाइफ जॅकेट अडकवून उभे, त्यातल्या एका बाईंना होडीत पाय टाकायची भीती, आणि तेवढ्यात तू विचारलंस, "काका, आईबाबांना एकदा विमानातून बाहेरचा देश दाखवून आणायचाय. सगळ्यात चांगला महिना कुठला?" लिहून कळवतो म्हणालो. मोबाइलवर सुरुवात केली, पण चार ओळींत अंगठा दुखायला लागला. म्हणून हा कागद.

सगळ्यात चांगला महिना म्हणून काही नसतो, हे खरं तर तुलाच जास्त ठाऊक. दर जुलैत पुण्याहून कुणाचा तरी फोन येतो, "स्कूबा चालू आहे ना?" तुझी होडी तेव्हा माडाखाली ओढून, माडाच्या पात्यांची झापं घालून शाकारलेली असते. सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट बंद, मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद. तू हसतोस. गणपतीत येऊन हापूस मागणारेही भेटलेत आपल्याला. तर तुझं पहिलं काम एवढंच, दुसऱ्याच्या देशात जाऊन तो जुलैतला पुणेकर व्हायचं नाही.

मी तो झालोय. २०१४ सालच्या जुलैत मी आणि तुझी काकू थायलंडात फुकेतला गेलो होतो. एका एजंटाने स्वस्तात बसवून दिलं. "थोडा पाऊस असतो," एवढंच म्हणाला, आणि मी मनात म्हटलं, पावसाची भीती कोकणातल्या माणसाला घालतो होय हा! माझं गणितही तसं चुकलं नव्हतं. आपल्याकडे जुलैत हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथे त्याच्या पाव हिश्शाएवढा. छत्री फार उघडावी लागली नाही. पण किनाऱ्यावर ओळीने लाल बावटे. पोहायचं नाही. फी फी बेटाची बोट पहिल्या दिवशी रद्द, दुसऱ्या दिवशी रद्द, तिसऱ्या दिवशी निघाली आणि काकूने सगळा वेळ पिशवीत तोंड घालून काढला. हॉटेलच्या गॅलरीत बसून आम्ही गढूळ पाणी आणि पांढऱ्या लाटा बघत होतो. शेवटी ती म्हणाली, "हा समुद्र आपल्या मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर फुकट दिसतो की हो!"

घरी आल्यावर शाळेतला ॲटलास काढला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमानच्या समुद्रात शिरतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे पोचतो तो एकच नैऋत्येचा वारा. फुकेत, क्राबी ही सगळी थायलंडची पश्चिम किनारपट्टी, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. मी मालवणातून निघून पैसे भरून दुसऱ्या मालवणात गेलो होतो. त्याच थायलंडच्या दुसऱ्या अंगाला आखातात को सामुई बेट आहे. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्या चेन्नईसारखा. जुलैत तिकडे गेलो असतो तर पोहून आलो असतो. आणि बँकॉकमध्येच राहिलो असतो तरी काही बिघडलं नसतं. तिथे जुलैत संध्याकाळी एक सर येते, तोवर मॉलमध्ये नाहीतर देवळात उभं राहायचं. शहर बघणाऱ्याला पाऊस फार आडवा येत नाही, समुद्र बघणाऱ्याला वारा येतो.

म्हणून कुठल्याही देशाचं नाव निघालं की "पाऊस असतो का" हे नंतर विचार. कुठला किनारा आणि त्या महिन्यात वारा कुठून, हे आधी. तुझ्या बाबांना इंग्रजी येत नाही म्हणून त्यांना यातून बाजूला ठेवू नकोस. नकाशा पुढ्यात ठेवून त्यांना वाऱ्याची दिशा सांग, खवळलेली बाजू कुठली आणि निवांत कुठली ते तेच बोट ठेवून दाखवतील.

आता तुमच्या घरचं बघू. देश निवडायच्या आधी हे करायला हवं होतं, पण फुकेतचं डोक्यात होतं ते आधी सांगून टाकलं.

ऑक्टोबर ते मे तू हलू शकत नाहीस, वर्षाची कमाई तेवढ्यातच. म्हणजे डिसेंबर-जानेवारी, जेव्हा दुबईची हवा सुखाची असते आणि ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो, ते महिने तुझ्या कामाचे नाहीत. मार्चअखेरीस जपानात साकुरा म्हणजे चेरीचा बहर येतो, फोटो तूही बघितले असशील. पण ती फुलं आठवडा-दहा दिवसांची, कधी लवकर तर कधी उशिरा, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे पाहुण्यांची रीघ सुरू होते. फेब्रुवारीत दोन दिवस काढीन म्हणशील तर आई आंगणेवाडीची जत्रा सोडणार नाही, आणि ती तारीख पंचांगातून निघत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. सहा महिने आधी विमानाचं तिकीट काढायचं तरी कसं? हे सगळं सोड.

राहिला पावसाळा. तोही सगळा मोकळा नाही. जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत लावणी. तुमचे भाताचे चार कुणगे असले तरी बाबा ते दुसऱ्यावर टाकून जाणार नाहीत. "लावणी सोडून खंय जातंस?" हे वाक्य तुला वाडीत चार ठिकाणी ऐकावं लागेल, त्यातलं एक माझ्याच घरातून. श्रावण लागला की आईचे सोमवार, शनिवार, आणि परदेशात उपासाचं खायला शोधणं म्हणजे रोज दोन तासांचा उद्योग. पुढे नारळी पौर्णिमा, मग गणपती. गणपतीत तू चंद्रावर असलास तरी परत यायचं आहे.

पण पुढचं वर्ष तुझ्या बाजूचं आहे. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबलेत. यंदा श्रावण २५ जुलैला लागला होता, पुढच्या वर्षी १३ ऑगस्टला लागेल. गणपती यंदा २७ ऑगस्टला आले, पुढच्या वर्षी १४ सप्टेंबरला. म्हणजे लावणी आटोपल्यावर २२-२५ जुलैपासून १२ ऑगस्टपर्यंत तुम्हाला तीन आठवड्यांची सलग फट मिळते. अशी फट दरवर्षी मिळत नाही. बाबांची गटारी श्रीलंकेत झाली तरी त्यांची हरकत नसावी.

श्रीलंका म्हणालो ते उगाच नाही, माझं मत तिकडेच आहे. त्या बेटाच्या मध्यभागी डोंगर आहेत, आपल्या सह्याद्रीसारखे. आपला पाऊस चालू असतो तेव्हा त्यांच्या नैऋत्येच्या अंगाला, गॉल, बेंतोटा, मिरिस्सा इकडे, समुद्र खवळलेला असतो. तिकडचे दिवस डिसेंबर ते मार्च. पण डोंगराच्या पलीकडे पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमाली आणि 'अरुगम बे' इकडे, मे ते सप्टेंबर हाच हंगाम. जाहिरातीत मात्र दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावतात आणि जुलैतल्या माणसाला गॉलच्या किल्ल्याजवळची खोली विकतात. तू त्रिंकोमालीजवळ निलावेलीला राहा. समोर पिजन आयलंड आहे, तिथे तूही एकदा गिऱ्हाईक म्हणून स्नॉर्कलिंग कर. दुसऱ्याचा गाइड कसा बोलतो, मास्क कसा धुऊन देतो, हे बघून तुझ्या धंद्यालाही चार गोष्टी मिळतील. त्रिंकोमालीत समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वराचं देऊळ आहे. आईला तिथे तास दोन तास बसू दे, घाईने फोटो काढत फिरवू नकोस. दुपारी मात्र तिथलं ऊन चांगलंच भाजतं, आपल्या मेसारखं, तेव्हा अकरा ते चार खोलीतच. कोलंबोहून रस्ता लांबचा आहे, एका दमात नेऊ नकोस, वाटेत मुक्काम कर. पौर्णिमेला तिथे सुट्टी असते आणि दारू विकत नाहीत, हे बाबांना आधी सांग. कँडीला बुद्धाच्या दंतमंदिराची मिरवणूक साधारण जुलै-ऑगस्टमध्ये असते, हत्ती, मशाली, ढोल. पण तीही तिथीवर असते, अधिक महिन्याच्या वर्षी लांबते. ती तुमच्या फटीत बसते का ते तारखा बघून ठरव, आणि बसत असेल तर खोली लवकर धर, कारण त्या दिवसांत कँडीत भाव चढतात.

पैसे थोडे जास्त काढायची तयारी असेल तर मॉरिशस. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये हिवाळा असतो, म्हणजे आपल्या डिसेंबरातल्या सकाळीएवढा. चक्रीवादळांचे महिने जानेवारी ते मार्च, ते तेव्हा लांब असतात. इथेही किनाऱ्याचाच हिशेब. हिवाळ्यात आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्यावर दणकून लागतो, पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाककडे पाणी शांत, फक्त थोडं गार. आणि एक गोष्ट अशी की तिथे मराठी माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर करारावर गेलेल्यांची, त्यातली बरीचशी आपल्या कोकणातूनच. घरात क्रेओल बोलतात, पण गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. आईला हे सांगितलंस की ती देश कुठे आहे हे विचारायच्या आधी डब्यात काय काय न्यायचं ते ठरवायला लागेल.

बालीचं सगळे विचारतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवा उत्तम, ऑस्ट्रेलियाकडून येणारा कोरडा वारा असतो. पण ही गोष्ट जगाला माहीत आहे, त्यामुळे गर्दी आणि भाव दोन्ही टिपेला. मार्चमधला त्यांचा न्येपीचा दिवस मात्र ऐकून ठेव. तेही शक वर्ष मोजतात, आणि नवं वर्ष लागतं त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत कुणी घराबाहेर पडत नाही, दिवे लावत नाही, विमानतळसुद्धा बंद. आपण पाडव्याला ढोल बडवतो, ते बेट गप्प बसतं. मला ते एकदा अनुभवायचंय. पण तारीख न बघता तिकीट काढलेल्याचे काय हाल होत असतील!

युरोप या खेपेला नको. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्याच सुट्ट्या, भाव दुप्पट वाटतील, आणि इटलीसारख्या ठिकाणी ऊन आपल्याला हसायला लावेल इतकं, पण घामाच्या धारा लागल्यावर हसू येत नाही. कधी तरी जूनच्या सुरुवातीला जा. आम्ही जूनमध्ये लंडनला मेव्हण्याकडे होतो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले तरी उजेड. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावल्याशिवाय काकूला चैन पडत नाही. ती आठ वाजल्यापासून निरांजन हातात घेऊन खिडकीत उभी. शेवटी मेव्हण्याची मुलगी म्हणाली, "आत्या, इथे घड्याळाकडे बघून लावायचा." डिसेंबरात तिथेच चार वाजायच्या आत अंधार पडतो, म्हणजे तेच पैसे भरून अर्धाच दिवस पदरात पडतो. युरोपातल्या बऱ्याच देशांना (लंडनला नाही) लागणारा शेंगेनचा व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो, हे त्या वेळेसाठी लक्षात ठेव. आणि जुलैत दुबईचं स्वस्त पॅकेज आलं तर आईबाबांना घेऊन अजिबात जायचं नाही. चाळीसच्या वर पारा असतो म्हणून तर ते स्वस्त असतं.

भाड्याचं म्हणशील तर तुमची ही फट बरी आहे. आपल्याकडच्या शाळा चालू असतात, मेची आणि दिवाळीची झुंबड नसते. पण तिकीट स्वस्त दिसलं म्हणून देश ठरवू नकोस. स्वस्त का आहे ते शोध, आणि ते कारण तुम्हाला नडतंय का ते बघ. बँकॉकची संध्याकाळची सर तुम्हाला नडणार नाही, फुकेतचा बावटा नडेल.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून कर. विमान मुंबईहून असेल तर आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी निघा. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात आणि घाटात दरड कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. २०२१ सालच्या २२ जुलैला चिपळूण बुडालं तेव्हा कोकण रेल्वे थांबली होती. तुमच्या तारखा त्याच आठवड्यातल्या आहेत. कुडाळहून गाडी पकडण्यापेक्षा गोव्यातल्या मोपाहून मुंबईचं विमान परवडतंय का तेही बघ, आणि परतीलाही एक दिवस हातचा ठेव.

बाबांचा पासपोर्ट काढलायस ना? काढला असेल तर मुदत बघ. आशियातले बहुतेक देश प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने शिल्लक मागतात. नसेल काढला तर याच महिन्यात अर्ज कर, सीझन चढला की तुला श्वास घ्यायला वेळ नसेल.

तारखा ठरल्या की मला कळव. तुम्ही नसाल तेव्हा होडीवरची झापं वाऱ्याने उडाली तर मी बघीन, आणि कुत्र्याला दोन वेळचा भात काकू घालेल. श्रीलंकेला गेलात तर येताना तिच्यासाठी दालचिनी आण, तिथली सालीसारखी पातळ असते, आपल्या बाजारातली नको म्हणाली.

तुझा,
काका