यंत्र पाचशेचं, अंडी पन्नास

तुमचा प्रश्न एवढाच: उबवणी यंत्र घरी बनवावं की तयार घ्यावं? पण मला काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या चार ओळींची. तुमच्याकडे 12 कोंबड्या आणि एक कोंबडा. विक्रेता 500 अंड्यांचं यंत्र दोन वर्षांच्या हप्त्यांवर देतोय, वर तुमची पिल्लं विकत घेण्याची 'हमी'. आणि पहिल्या रकमेसाठी तुम्ही अडीअडचणीची ठेव मोडायला निघालात.

आधी अंडी मोजू. 12 कोंबड्या रोज फार तर 8 अंडी देतील. उबवायची अंडी आठवड्यापेक्षा जास्त साठवली की पिल्लं कमी निघतात, म्हणजे एका खेपेला पन्नासेक. दर आठवड्याला नवी भरलीत, तरी 21 दिवसांच्या उबवणीत यंत्रात एका वेळी जेमतेम 150. पाचशे एकदम भरायला शंभर कोंबड्या लागतील.

तुम्ही प्रत्येक अंड्यामागे एक अंडी देणारी कोंबडी धरली आहे. असं होत नाही हो. 50 मधली तडकलेली, वेडीवाकडी काढली की 45. फलित 38 धरू. त्यातून 30 पिल्लं निघाली तर उत्तमच. निम्मे नर. तलंगा, म्हणजे वाढत्या वयाच्या माद्या, उरल्या 15, त्यातल्या दोन-तीन पहिल्या काही आठवड्यांत जातील. बाकीच्या अंड्यावर यायला साधारण पाच महिने, तोवर खाद्य तुमच्या खिशातून. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून.

हमीत 'ठरलेल्या दर्जाची पिल्लं' असं लिहिलंय. दर्जा ठरवणार कोण? तोच विक्रेता. त्याची कमाई यंत्र विकलं तेव्हाच झाली. या कागदावर मी एक पैसाही धरणार नाही.

आता मूळ प्रश्न. पहिल्या तीन खेपा घरच्या पेटीत करा: थर्माकोलचा खोका, बल्ब, चांगला थर्मोस्टॅट (तापमान आपोआप राखणारा), छोटा पंखा, पाण्याची वाटी. तापमान 37.5 अंश. थर्मामीटर दोन ठेवा, एकावर विसंबू नका. आर्द्रता 18 व्या दिवसापर्यंत 50 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 च्या वर. नोकरीमुळे दिवसभर बाहेर असता, तरी सकाळी, संध्याकाळी आणि झोपताना अंडी फिरवता येतील. 18 व्या दिवसानंतर फिरवणं बंद. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात बघा. बरीच अंडी कोरी, म्हणजे आत काहीच न वाढलेली, दिसली तर दोष बहुधा कोंबड्याचा किंवा शिळ्या अंड्यांचा; पिल्लं शेवटी आतच मेली तर बहुधा पेटीचा. आणि कोंबडी खुडूक झालीच, म्हणजे स्वतःच अंड्यांवर बसायला लागली, तर दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवा, तिला वीज लागत नाही.

तीन खेपांनंतर हात बसला, तर 50 अंड्यांचं, आपोआप अंडी फिरवणारं तयार यंत्र रोखीनं घ्या. ते पैशाला पुरेपूर उतरतं.

ठेवीला हात लावू नका. सही झाली नसेल तर आजच नाही म्हणा. आगाऊ रक्कम दिली असेल, तर ती परत मिळण्याची अट करारात कुठे आहे ते मला कळवा.