जुन्या होम सर्व्हरवर व्हिडिओ अडकतोय: रॅम वाढवू की ग्राफिक कार्ड टाकू?

दोन्ही नको. निदान आज तरी नको.

नांदेडहून तुम्ही विचारलंय की चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, ४ टीबीची हार्ड डिस्क, त्यावर लिनक्स आणि जेलीफिन (घरातले व्हिडिओ टीव्हीवर पाठवणारं सॉफ्टवेअर) आहे. सिनेमे बरे चालतात, पण बहिणीच्या लग्नाचं ४के शूटिंग टीव्हीवर लावलं की गोल फिरत बसतं. सहा हजारांत काय घालू? परभणीत आमच्या दाजींकडे जवळपास असाच डबा, म्हणजे कॉम्प्युटर, आहे, हाच आजार होता, आणि त्यावरून आमचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

रॅमचं आधी उरकतो. एका घरासाठी जेलीफिनला ८ जीबी पुष्कळ झाली. व्हिडिओ चालू असताना 'फ्री' कमांड मारून बघा. 'अव्हेलेबल'च्या खाली दोन-तीन जीबी शिल्लक दिसत असेल तर १६ जीबी करून एक फ्रेमसुद्धा सुधारणार नाही. ज्याला त्याला "रॅम वाढवा" सांगणारे लोक दुखणं न बघता गोळी देतात. एकच अपवाद आहे. ८ जीबीची एकच पट्टी असेल आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक वापरायचं असेल, तर ४-४ च्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण ते ग्राफिक हीच रॅम वापरतं आणि दोन वाटांनी डेटा लवकर येतो. डिस्कचंही तसंच. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, आणि १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ मेगाबिटांचा एक एमबी) व्हिडिओला सेकंदाला साडेबारा एमबी लागतात. एसएसडीने जेलीफिनची पोस्टरं पटकन उघडतील, व्हिडिओ अडकायचा तो अडकेलच.

आता दाजींचा डबा. परभणीच्या दुकानदाराने "व्हिडिओ अडकतो म्हणजे ग्राफिक कार्डच पाहिजे" म्हणून त्यांच्या गळ्यात जीटी १०३० मारलं. हे कार्ड या कामाला निरुपयोगी आहे, हे मी ठासून सांगतो. सर्व्हर जेव्हा फाइल टीव्हीला झेपेल अशी बदलून देतो, म्हणजे ट्रान्सकोड करतो, तेव्हा कामं दोन असतात: मूळ व्हिडिओ उलगडणं आणि नव्या रूपात पुन्हा बांधणं. जीटी १०३० मध्ये उलगडणारा भाग आहे, बांधणारा भाग, ज्याला एनव्हेंक म्हणतात, तो दिलेलाच नाही. म्हणून जेलीफिनमध्ये एनव्हेंक निवडलं की व्हिडिओ सुरूच होत नाही, आणि ते बंद केलं की बांधायचा सगळा भार पुन्हा प्रोसेसरवर. बांधणं हेच जड काम, त्यामुळे पैसे जातात आणि अडकणं तसंच राहतं.

मुळात तिथे कार्डाचा प्रश्नच नव्हता. व्हिडिओ चालू ठेवून जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू असलेल्या सत्राच्या चौकटीत बघायचं. 'डायरेक्ट प्लेइंग' असेल तर सर्व्हर फाइल जशीच्या तशी पाठवतोय, प्रोसेसर निवांत आहे, दोष वाटेत आहे. 'ट्रान्सकोडिंग' असेल तर तिथेच कारणही मिळतं. दाजींच्या पॅनेलवर आवाजाचा कोडेक, म्हणजे आवाज साठवायची पद्धत, चालत नाही असं स्वच्छ लिहून आलं होतं. लग्नाचं शूटिंग सोनी कॅमेऱ्याचं होतं. त्या ४के फाइलमध्ये चित्र एच.२६४ या कोडेकचं, वेग १०० एमबीपीएस, आणि आवाज एलपीसीएम, म्हणजे न दाबलेला, असतो. एमपी४ मधला एलपीसीएम बऱ्याच टीव्हींना वाजवता येत नाही. आवाजाचा असा मामला फुकटात सुटतो. एफएफएमपेग या फाइल बदलणाऱ्या कमांडला व्हिडिओ 'कॉपी' आणि ऑडिओ 'एएसी' सांगायचं. चित्राला हात लागत नाही, काही मिनिटांत नवी फाइल तयार होते. सिनेमांच्या डीटीएस आवाजालाही हाच उपाय चालतो, कारण २०१८ पासूनच्या सॅमसंग टीव्हींत डीटीएस नाही.

आवाज दुरुस्त केल्यावर पॅनेलवर 'डायरेक्ट प्लेइंग' आलं, तरी दर थोड्या वेळाने अडकणं चालूच. इथेच लोक फसतात. टीव्ही लॅनच्या वायरीवर होता, आणि बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट आजही १०० एमबीपीएसचंच असतं. त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ एमबीपीएस डेटा जातो. व्हिडिओ १०० चा आणि वाट ९५ ची, मग बफर, म्हणजे टीव्हीने आधीच भरून ठेवलेला साठा, रिकामा होणारच. इथे सर्व्हरमध्ये लाखाचं कार्ड बसवलं तरी काही होणार नाही. टीव्ही ५ गिगाहर्ट्झ वायफायवर घेतला तर वायरीपेक्षा जास्त वेग मिळू शकतो, राउटर त्याच खोलीत असेल तर.

त्यातच सर्व्हरपासून राउटरपर्यंतची वायरही १०० वर उतरली होती. लिनक्सवर इथटूल या कमांडला नेटवर्क कार्डाचं नाव देऊन विचारा. 'स्पीड'पुढे १००० यायला हवं. १०० आलं तर बहुधा निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असते. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही लागतात. त्यामुळे एखादी जोडी निखळली तरी नेट चालू राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवे क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा; तारांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवी वायर घ्यायची तर तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊ नका. क्रिंपमध्ये लवकर तुटतं. आणि फायबरवाल्याच्या डब्यावरची सगळी पोर्टं गिगाबिट असतीलच असं नाही. काही डब्यांत एकच असतं, सर्व्हर त्यात लावा.

दाजी म्हणाले, "म्हणजे मोठा डबाच घ्यावा लागणार की." नाही. फाइल बदला. सर्व्हरने दर वेळी तीच फाइल नव्याने दळत बसावं यात शहाणपण नाही. एकदाच, रात्री, नीट बदलून ठेवायची. १०० एमबीपीएसने तासाला ४५ जीबी जागा जाते. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १०८०पी, एच.२६४ म्हणजे एक्स२६४, क्वालिटी आरएफ २०, प्रीसेट मीडियम, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, आवाज एएसी स्टीरिओ १६०, आणि 'वेब ऑप्टिमाइझ्ड'वर टिक. चित्र टीव्हीवर तितकंच देखणं दिसतं आणि जुन्या फोनपासून नव्या टीव्हीपर्यंत सगळीकडे थेट चालतं. चौथ्या पिढीच्या आय-५ ला तासाभराच्या ४के शूटिंगला तासाहून जास्त वेळ लागतो, म्हणून सगळ्या फाइली रांगेत लावून झोपा. मूळ फाइली मात्र पुसू नका, वेगळ्या डिस्कवर ठेवा.

हे करण्याआधी डबा उघडून साफ करा. कापसाच्या मोसमात परभणी-जालन्याकडे हवेत जो बारीक तंतू उडतो तो धुळीबरोबर हीटसिंकच्या पात्यांत फेल्टसारखा बसतो. पंखा फिरतो, पण वारा आरपार जात नाही. मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असताना प्रोसेसर शंभरच्या आसपास पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो, आणि ट्रान्सकोड मागे पडतं. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा, नाहीतर पंखा उलटा फिरून बेअरिंग जातं. जुनी थर्मल पेस्ट स्पिरिटने पुसा, नवी मटारच्या दाण्याएवढी लावा. 'सेन्सर्स' कमांडने आधीचं आणि नंतरचं तापमान बघा.

एवढं करूनही कार्ड लागतंच का? लागू शकतं, जर घरात एच.२६५ (एच.२६४ नंतरचा कोडेक) च्या १० बिट फाइली भरपूर असतील आणि टीव्ही त्या घेत नसेल. तुमच्या चौथ्या पिढीतलं ग्राफिक एच.२६४ उलगडतं आणि बांधतं. जेलीफिनमध्ये व्हीएएपीआय (लिनक्सवर प्रोसेसरमधलं ग्राफिक वापरायची सोय) निवडा, त्याला जुना आय९६५ ड्रायव्हर लागतो, आणि जेलीफिन वापरकर्त्याला 'रेंडर' गटात टाकायला विसरू नका, नाहीतर परवानगी नाही म्हणून बंद पडतं. एच.२६५ त्यात नाही. ८ बिट सहाव्या पिढीपासून आलं, १० बिट सातव्यापासून. जुन्या बाजारात एनव्हिडियाचं क्वाड्रो पी४०० कार्ड मिळालं तर बघा: ३० वॅटचं, वेगळी वीजजोडणी लागत नाही, एच.२६५ १० बिट उलगडतं आणि बांधतं. डबा बारका असेल तर आखूड पट्टीसकट (लो-प्रोफाइल ब्रॅकेट) घ्या, डीपीचं मिनी पोर्ट असतं तेही ध्यानात ठेवा. पी४०० ज्या पास्कल पिढीचं आहे ती कार्डं एनव्हिडियाच्या ५८० ड्रायव्हर मालिकेपर्यंतच चालतात, त्यापुढची मालिका टाकली की कार्ड दिसणारच नाही.

दाजींचं म्हणणं, नवा एन१०० (इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर) वाला छोटा डबाच घेतला असता तर बरं. सर्व्हर चोवीस तास चालवायचा असेल तर विजेच्या हिशेबाने त्यांचं बरोबर आहे, इथे मी मानतो: सतत ५० वॅट खाणारा डबा महिन्याला ३६ युनिट घेतो, १० वॅटवाला ७ च्या आसपास. पण ते बिलाचं कारण झालं, व्हिडिओ अडकण्याचं नव्हे. ९५ च्या वाटेतून १०० चा व्हिडिओ एन१०० लाही काढता येत नाही.

वीज जाते तेव्हाचं राहिलं. इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'इको' असा खटका असेल तर 'यूपीएस'वर ठेवा, नाहीतर वीज जाताच सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि चालू ट्रान्सकोड वाया जातं. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच प्लगवर घ्या. बायोसमध्ये एसी रिकव्हरी 'पॉवर ऑन' करा.

आणखी एक. तुमच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा नवा असेल तर फाइल ४:२:२ १० बिट, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणारी, असू शकते. ती पी४०० उलगडू शकत नाही, चौथ्या पिढीचं ग्राफिकही नाही, आणि बहुतेक टीव्हीही नाहीत. तिथे हँडब्रेक हाच रस्ता. मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून 'क्रोमा सबसॅम्पलिंग' आणि 'बिट डेप्थ' बघा. कार्डाचं तरीही विचारायचं असेल तर त्या दोन ओळी, डॅशबोर्डवर आलेलं कारण आणि डब्याचा मॉडेल नंबर इथे लिहा.