मुलीला लग्नात द्यायला पितळेची अन्नपूर्णा घ्यायची आहे. कशी निवडावी, आणि ती काळी पडू नये म्हणून काय करावं?

आधी अन्नपूर्णेचं तोंड नीट बघा, बाकीचं नंतर.

आमच्या देवघरात आजेसासूबाईंनी माहेराहून आणलेली अन्नपूर्णा आहे, जेमतेम तीन बोटं उंच. त्यांनी, सासूबाईंनी आणि सुरुवातीची काही वर्षं मीही ती राख-चिंचेनं खसाखसा घासली. आज तिला नाक नाही, डोळे नाहीत. हातातली पळी तेवढी ओळखू येते. काळी पडून ती झिजली नाही, आमच्या घासण्यानं झिजली. तिला हळद-कुंकू लावताना हे मला रोज टोचतं.

म्हणून सांगते, पितळ काळवंडणारच. त्यात तांबं आणि जस्त असतं. हवा, ओल आणि हाताचा घाम लागला की वर पातळ थर धरतो. त्यानं मूर्तीचं काही बिघडत नाही. हिरवा कळंक मात्र वाईट. पंचामृत, गंध, कुंकू खाचांत ओलं राहिलं की तो धरतो. दही आंबट, ते पितळेवर राहू देऊच नये. अभिषेक झाला की लगेच धुवायचं, जुन्या सुती कापडानं टिपायचं आणि पायाखालची, पाठीमागची ओलही काढायची. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा.

एरवी रिठ्याचं कोमट पाणी आणि लहान मुलांचा मऊ ब्रश पुरतो. चिंच वर्षातून दोन-तीनदाच, पाडवा, गौरी-गणपती, दिवाळी अशी; तीही पातळ कोळ करून, दोन मिनिटं, बोटांनी. तारेची घासणी कधीच नाही. एका वर्षी गौरींच्या आदल्या रात्री मी बाळकृष्ण लिंबू-मिठात बुडवून ठेवला आणि झोपले. सकाळी तो जागोजागी तांबूस झालेला. आंबटानं वरचं जस्त खाल्लं की तांबं उघडं पडतं. तो रंग जायला कित्येक महिने लागले.

आता निवडीचं. सोलापुरात मधला मारुतीच्या भागात जा, सकाळी जा, आणि मूर्ती दुकानाबाहेर उजेडात आणून बघा. दिव्याखाली सगळंच झळकतं. नाक, डोळे, ओठ खोल आणि स्वच्छ उठलेले हवेत, कारण तेच आधी झिजतात. पळी मूर्तीबरोबरच ओतलेली आहे की मागून डाग देऊन, म्हणजे धातू वितळवून, चिकटवली आहे ते बघा. डाग दिलेली पुढे निखळते. बूड सपाट हवं, ताटात डुगडुगता कामा नये. मोठ्या मूर्ती बहुतेक मुरादाबाद-अलीगढकडून येतात, सुबक असतात, पण घरच्या पूजेला अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंतचीच मूर्ती असावी असा जुना संकेत आहे. मला तो पटतो. लहान मूर्ती रोज हातात घेऊन न्हाऊ घालता येते.

चकाकत्या लेपाची मूर्ती घेऊ नका. शोभेला ती ठीक, पण रोजच्या स्नानानं लेप ठिकठिकाणी सुटतो आणि अंगावर चट्टे दिसतात. मुद्दाम काळपट केलेली घेतलीत तर तिला चिंच लावायची नाही, तो रंग निघून जातो.

पितळेला लोहचुंबक चिकटत नाही, एवढं दुकानातच बघून घ्या. घरी आणल्यावर अजून एक करा. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड असतं. 170 ग्रॅमची भरीव मूर्ती काठोकाठ भरलेल्या पेल्यात सोडली की सुमारे 20 मिली पाणी सांडायला हवं. औषधाच्या टोपणानं मोजता येतं. 40-50 मिली सांडलं तर ती आतून पोकळ तरी आहे किंवा धातू दुसराच आहे.

आणि घ्यायला जाल तेव्हा मुलीलाही न्या. गौरीहराशी बसून ती जिच्यावर अक्षता वाहणार, तिचं तोंड तिनंच निवडू दे. सासरी गेल्यावर वाटीत तांदूळ घालून त्यावर अन्नपूर्णा ठेवतात, तेव्हा एवढं तिला जरूर सांगा: मूर्ती पूर्ण कोरडी करून मगच तांदळावर ठेवायची, आणि पावसाळ्यात ते तांदूळ दर आठवड्याला बदलायचे. ओल्या तांदळानं बुडाला हिरवं धरतं आणि उचलून बघेपर्यंत कळत नाही.