गूगल डॉक्समध्ये रोजच्या लिखाणाचा वेळ कसा वाचवावा?

तुम्ही लिहिलंय की बचत गटाची पत्रं आणि इतिवृत्तं गूगल डॉक्समध्ये करता, शॉर्टकटची लांबलचक यादी पाठही केलीत, पण आठवड्यात विसरलात आणि वेळ लागतो तेवढाच लागतो.

मी मालवण तालुक्यात एका मच्छीमार सोसायटीची लिखापढी बघते. डिझेल परताव्याची पत्रं, सभेच्या नोटिसा, ठराव. माझं ऐकाल तर ती यादी बाजूला ठेवा. आठवडाभर वहीत फक्त एवढंच टिपा, की आपला हात तीच ती गोष्ट पुन्हा कुठे करतोय.

माझ्या वहीत सगळ्यात वर आलं एक वाक्य: ‘सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ सभेत बारा ठराव झाले की बारा वेळा तेच. ‘टूल्स’मध्ये ‘प्रेफरन्सेस’ उघडा, तिथे ‘सब्स्टिट्यूशन्स’ आहे. डावीकडे मी ‘ससम’ लिहिलं, उजवीकडे अख्खं वाक्य. आता ‘ससम’ टाइप करून स्पेस दिली की वाक्य उमटतं. खूण अशी घ्या की जी एरवी कुठल्याच मजकुरात शब्द म्हणून येणार नाही. संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, ‘आपला विश्वासू’ हे सगळं मी असंच बसवलंय. माझा सर्वात जास्त वेळ इथेच वाचला.

दुसरं, व्हॉट्सॲपवरून किंवा वेबसाइटवरून आलेला मजकूर. साधं पेस्ट केलं की त्याचा रंग, आकार, सगळंच सोबत येतं आणि मग आपण ते निस्तरत बसतो. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा, नुसता मजकूर येईल. मात्र जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल असेल तर याने काही होत नाही. ती आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागते.

कंट्रोल-एच, म्हणजे शब्द शोधून सगळीकडे बदलायची सोय, जपून वापरा. गेल्या खेपेस जुन्या इतिवृत्ताची प्रत घेऊन मी ‘2023-24’ च्या जागी सगळीकडे ‘2024-25’ एका फटक्यात केलं. त्यात मागच्या वर्षीच्या हिशेबाला मंजुरी देणारा ठरावही बदलला. तिथे जुनंच साल हवं होतं. लक्षात आलं ते सह्यांच्या आदल्या रात्री. ‘फाइल’मधल्या ‘व्हर्जन हिस्टरी’त जाऊन संध्याकाळची प्रत परत आणली आणि मग एकेक जागा बघून बदल केला. तेव्हापासून मोठा बदल करायच्या आधी तिथेच त्या प्रतीला नाव देऊन ठेवते.

बोलून टाइप करायची सोय मराठीत आहे: क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस, आणि भाषा मराठी निवडायची. सभेचा कच्चा मसुदा यावर झपाट्याने होतो. विरामचिन्हं मात्र मराठीत बोलून येत नाहीत, ती हाताने द्यावी लागतात. आमच्या सभासदांचं मालवणी बोलणं त्याला नीट कळत नाही, म्हणून मीच प्रमाण मराठीत सांगते.

शीर्षकांना नुसतं ठळक करू नका. कंट्रोल-ऑल्ट-1, 2 असं हेडिंग द्या. मग डावीकडे आपोआप अनुक्रम तयार होतो आणि वीस पानांत हवा तो ठराव एका क्लिकवर सापडतो.

बाकी काही आठवलं नाही तर ऑल्ट आणि तिरकी रेघ (/) दाबा. हवं ते काम तिथे टाइप केलं की मेन्यूतून तेच शोधून देतं. मी अजूनही रोज वापरते.

आणि एक, खास आपल्या किनाऱ्यासाठी. पावसात नेट गेलं की काम अडतं. क्रोममध्ये डॉक्सचं ऑफलाइन एक्स्टेन्शन टाकून, लागणाऱ्या फाइलींना ‘फाइल’ मेन्यूतून ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’ द्या. नेट नसतानाही लिहिता येतं, आणि नेट आलं की बदल आपोआप वर चढतात. पण ही जोडणी नेट चालू असतानाच करावी लागते आणि ज्या कॉम्प्युटरवर केली तिथेच चालते. तेव्हा मिरगाआधी करून घ्या.