पटलातून स्थलांतर की पटलावर सरकणं?

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय, बीएस्सीच्या मुलांसाठी नोट्स काढतायत त्यात "सायनोबॅक्टेरियाच्या प्रकाशसंश्लेषी पटलातून प्रकाशसंग्राहक संकुलांचे स्थलांतर होते" असं वाक्य आलंय (सायनोबॅक्टेरिया म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू, पटल म्हणजे पेशीतला पातळ पडदा), तर स्थलांतर चालेल का "वहन" म्हणावं.

ताई, मला दोन्ही नको वाटतात, पण खरी गोची त्या "पटलातून" मधल्या "तून"ची आहे. खिडकीतून मांजर आलं म्हटलं की ते आरपार आलं, आणि इथं आरपार काहीच जात नाही. सायनोबॅक्टेरियात प्रकाश गोळा करायचं मुख्य काम फायकोबिलिझोमचं, म्हणजे रंगीत प्रथिनांच्या मोठ्या जुडग्याचं, आणि तो थायलाकॉइड पटलात (प्रकाशसंश्लेषण चालतं तो पडदा) रुतलेला नसतोच, पेशीद्रवाच्या बाजूनं पटलावर बसलेला असतो, बऱ्याच जातींत हातपंख्यासारखा अर्धगोल. रुतलेल्या असतात त्या फोटोसिस्टिम १ आणि २, म्हणजे गोळा झालेली प्रकाशऊर्जा वापरणारी दोन प्रथिनसंकुलं. म्हणजे फायकोबिलिझोमला "पटलावर" आणि फोटोसिस्टिमला "पटलात", एवढं सांभाळलं तरी अर्धं काम झालं.

हा फरक नुसता व्याकरणाचा नाहीये. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग आला होता, त्यात जिवंत पेशीच्या एका पट्ट्यावर लेसर मारून तिथल्या रंगद्रव्यांची चमक, म्हणजे प्रतिदीप्ती, घालवली आणि मग बघत बसले. फायकोबिलिझोमचा काळा पडलेला पट्टा थोड्या वेळानं परत उजळला, कारण शेजारचे न जळलेले तिकडं सरकले आणि जळलेले बाजूला पांगले. फोटोसिस्टिम २ चा पट्टा मात्र तसाच, ती जवळजवळ जागची हललीच नाही.

आता स्थलांतर. माण-आटपाडीचे मेंढके चाऱ्यापायी मेंढरं घेऊन बाहेर पडतात ते स्थलांतर, त्यात कुठं जायचं ते ठरलेलं असतं. फायकोबिलिझोमचं ठरलेलं काही नसतं, वाट फुटेल तिकडं. त्याला पाठ्यपुस्तकातला "विसरण" (डिफ्यूजन) शब्द आहेच की, तोच घ्या. पोरं हसतील, विसरणं म्हणून, हसू द्या, तो वि अधिक सरण आहे.

"वहन" तर अजिबात नको, कारण फायकोबिलिझोम शोषलेली ऊर्जा फोटोसिस्टिमला पोचवतो, त्यामुळं वहन वाचलं की पोरं ऊर्जेचं वहन समजणार आणि पेपरात तेच लिहून येणार.

जाता जाता, पुढं तुमच्या नोट्समध्ये "अवस्थांतर" पण येईलच, उजेड बदलला की दोन फोटोसिस्टिममधली ऊर्जेची वाटणी बदलते त्याला. शाळेत अवस्थांतर म्हणजे बर्फाचं पाणी, तेव्हा मी "स्थितीबदल" म्हणेन. गाढ फॉस्फेट द्रावणात फायकोबिलिझोम जागेवर खिळतात आणि हा स्थितीबदलही अडतो, हे तिथंच एका ओळीत टाका.

वाक्य असं करा: "सायनोबॅक्टेरियात फायकोबिलिझोम थायलाकॉइड पटलावर सरकतात (विसरण), फोटोसिस्टिम २ मात्र पटलात जवळजवळ स्थिर असते."